आतले मास्तर

मी आयुष्यात कधी खोटं बोललेले नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि घरातल्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं. माझ्या तोंडावर 'तसं नाही' म्हणायला छाती लागते, आणि आमच्या दुकानात ती एकट्या पुतळ्याला आहे. छत्तीस इंच, लाकडी.

शिक्षण म्हणाल तर चौथी. बाईंनी अपूर्णांक काढले त्या दिवशी मी पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. लग्नानंतरची चाळीस वर्षं पाऊण इंच, सव्वा इंच, दीड सूत करण्यात गेली. मी अपूर्णांक सोडले, त्यांनी मला सोडलं नाही.

आमचं कोट शिवायचं दुकान. पुढे काउंटर, उभा आरसा, माप घ्यायची जागा. मध्ये जाड पडदा. पडद्यामागे कापायचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री आणि टेबलावर उजेड पाडणारी मोठी खिडकी. पुढे नवरा बसायचा, मागे मी. नवऱ्याची जीभ अशी की नुसतं बटण लावून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सूट सांगून जायचं. हात मात्र देवाने दुसऱ्याच कुणासाठी घडवले आणि चुकून त्याला लावले. त्याने कात्री उचलली की कापडाला घाम फुटायचा. म्हणून कापायची मी, आणि टेप गळ्यात घालून मिरवायचा तो. यात माझी काही तक्रार नव्हती. उगाच कशाला खोटं सांगू, थोडी होती.

पहिल्याच वर्षी एका कंत्राटदाराला कुठून तरी कळलं की त्याचा कोट बाईने कापलाय. दहा दिवस तो कोट घालून सगळीकडे मिरवला होता. अकराव्या दिवशी तो त्याला खांद्यात आवळायला लागला. तणतणत आला. नवऱ्याने कोट हातात घेतला आणि म्हणाला, थांबा, आतल्या मास्तरांना दाखवून आणतो. पडद्यामागे आला, मला डोळा मारला, पेलाभर पाणी प्यायला, कोटावरून एकदा इस्त्री फिरवली आणि परत गेला. कंत्राटदाराने कोट चढवला, आरशासमोर दोन्ही हात वर करून पाहिले आणि म्हणाला, "आता कसा बसला! शेवटी पुरुषाचा हात तो पुरुषाचा हात." एक टाका हलला नव्हता.

असे आमचे आतले मास्तर जन्माला आले, आणि जन्मले तेच साठीचे.

ते पहिलं वाक्य नवऱ्याचं, ते त्याच्या माथी. त्यानंतर मी मात्र एकेक शब्द पारखून बोलले. कुणी विचारलं, मास्तर कसे आहेत, तर मी म्हणायचे, कामात आहेत. होतेच कामात, माझी मान वर व्हायची नाही. भेटतील का? कुणाला भेटत नाहीत. सोळा आणे खरं. 'आतल्या मास्तरांनी कापलेला एकही कोट परत आलेला नाही' हे तर मी छाती ठोकून सांगायचे. कंत्राटदाराचं म्हणाल, तर कोट कुठे परत आला होता? कंत्राटदार आला होता.

बाकीचं लोकांनीच केलं. मास्तर कधी बाहेर येत नाहीत म्हणजे त्यांचे गुडघे धरलेले असणार, असं एकाने ठरवलं आणि तेलाची बाटली पाठवली. तेल चांगलं होतं, माझे गुडघे त्याला अजून दुवा देतात. एकीने मफलर विणून पाठवला. एक मावशी तर धाकट्या बहिणीचं स्थळ घेऊन आली. मी सांगितलं, मास्तर लग्न करायचे नाहीत. एवढं काय बिनसलंय त्यांचं, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, आहे त्याच संसारात ते पुरते दमलेत. हवं तर हे वाक्यही तपासून घ्या.

नवरा गेला. मास्तरांना मात्र जायचं काही कारण नव्हतं. पुढे मुलगा बसायला लागला. बापाने एक नियम घालून दिला होता: आत कात्री चालू असताना पुढच्याने आत पाऊल टाकायचं नाही, कापणाऱ्याचं चित्त उडतं. मुलाने हा एक नियम इतक्या इमानाने पाळला की बापाचे बाकीचे न पाळल्याचं पाप फिटलं. तो माप लिहून कापड पडद्याखालून आत सरकवतो, आठ दिवसांनी पडद्याखालून कोट बाहेर येतो. मध्ये काय होतं ते त्याने कधी विचारलं नाही. आई कापते, बायको हातभार लावते, एवढं त्याला ठाऊक.

गेली काही वर्षं माझा उजवा हात थरथरतो. म्हणून कात्री सूनबाई धरते आणि मी शेजारी स्टुलावर बसून सांगते. कात्री धरणं वेगळं आणि कोट कापणं वेगळं, असं माझं ठाम मत होतं. माझी मतं ठाम सोडून दुसऱ्या मापात येत नाहीत.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक प्राध्यापक आहेत. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. दुकानात त्यांचं नाव 'म्हणजेकाय', कारण काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न तोच. मुलगा म्हणायचा, कोट गुरुवारी मिळेल. हे म्हणायचे, मिळेल म्हणजे काय, मिळणारच की मिळू शकेल? पहिली दोन वर्षं पोराची पाचावर धारण बसायची. आता तो सांगतो, सर, गुरुवारी कोट तयार असेल किंवा नसेल. सर खूश होऊन म्हणतात, हे मात्र कुणाला खोटं पाडता येणार नाही. माणूस चांगला. कोट घेऊन गेला की आठवड्याने चिठ्ठी आणून द्यायचा: 'आतल्या मास्तरांस. माझा डावा खांदा उतरता आहे हे माझ्या आईलाही कळलं नव्हतं. आभार.' वीस वर्षं हेच चाललंय.

त्यांचंच शास्त्र शिकायला माझी नात गेली. तिला आम्ही टाचणी म्हणतो. बारीक आहे, चकचकीत आहे आणि कुठे ठेवली ते विसरलं की टोचते. कॉलेजातून आली की कापायच्या टेबलाच्या कडेला बसते आणि त्या दिवशी शिकलेलं आमच्या अंगावर ओतते. एकदा म्हणाली, आजी, मास्तरांनी कापलेला एकही कोट परत आला नाही असं तू म्हणतेस ना, ते खरंच आहे. मी म्हटलं, आहेच. तर म्हणे, मास्तरच नसतील तर त्यांनी कापलेला कोटही नाही, आणि जो कोट नाही तो परत येणार कसा? म्हणून खरं. पण मग 'मास्तरांनी कापलेले सगळे कोट उडतात' हेही तितकंच खरं, कारण न उडणारा एक दाखव. मी सूनबाईकडे बघितलं, सूनबाई माझ्याकडे. मी विचारलं, हे शिकवायचा त्या माणसाला पगार मिळतो? म्हणाली, मिळतो. मग त्यांना म्हणावं, शिलाई पुढच्या वेळी दुप्पट.

आता खरी गोष्ट.

आमच्या दुकानाला लागून तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडलं. आमच्याकडे मापाचे कोट कमी झाले; पँट आखूड कर, चेन बदल, असलीच कामं येऊ लागली. मुलगा एक दिवस जेवताना म्हणाला की महिनाअखेरीला कापायचं टेबल काढून टाकू आणि तिथे तयार शर्टांच्या मांडण्या लावू. "आई, तुझा हात आता साथ देत नाही. उद्या कापणार कोण?" सूनबाई ताटात बघत राहिली. मी आमटी वाढायला उठले.

त्याच आठवड्यात कॉलेजातून पत्र आलं. पदवीदानाच्या दिवशी अंगावर घालायचे लांब काळे गाऊन नवे करायचे होते, एकशे वीस. गेल्या वर्षी ज्याला काम दिलं त्याने ते दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि समारंभात निम्म्या लोकांच्या काखा उसवल्या. म्हणून या वेळी अट होती: समिती दुकानात येईल, आणि जो मुख्य कारागीर गाऊन कापणार आहे त्याने समितीसमोर एक कापून दाखवायचा. समितीत म्हणजेकाय सर होते. त्यांनीच आमचं दुकान सुचवलं होतं, आणि पत्राखाली हाताने लिहिलं होतं: 'मास्तरांची भेट होणार याचा विशेष आनंद.'

हे काम मिळालं तर टेबल राहणार, नाहीतर जाणार. मुलगा पत्र धरून डोकं खाजवत बसला. त्याने शक्कल काढली की बँडमध्ये ढोल वाजवणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, मिशा भरघोस आहेत, त्यांना उभं करू. मी विचारलं, आणि कापणार कोण, मिशा? त्याला सांगून टाकलं की या वयात माझ्या तोंडावर काळं फासून घेणार नाही. मी काय बोलायचं ते मी बघते.

रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून मी टाचणीला आत बसवलं. मुलगा गुंड्या आणायला गेला होता. सूनबाई टेबलाशी एक जॅकेट कापत होती. मी म्हटलं, मला असं एक वाक्य दे जे खोटं नाही आणि ज्याने काम जाणार नाही. आम्ही वाक्यं पुतळ्यावर चढवावीत तशी एकेक चढवून बघायला लागलो. मास्तर वारले? जो नव्हताच तो मरेल कसा, टाचणी म्हणाली. आजारी आहेत? ताप यायला अंग लागतं. परगावी गेलेत? तिकीट कुणाच्या नावाने काढलं?

"मग सरळ सांगते, मास्तर नाहीत."

त्यालाही तिने नकाराची मान हलवली. म्हणे, सर विचारतील, कोण नाहीत? तू म्हणशील, मास्तर. म्हणजे तू कुणाबद्दल तरी बोलतेयस. ज्याच्याबद्दल बोलतेयस तो काहीतरी असायला हवा, नाहीतर तू कुणाबद्दलच बोलत नाहीस, आणि मग ते वाक्य खरंही नाही आणि खोटंही नाही, नुसती हवा. या एका गाठीवर म्हणे मोठमोठ्या लोकांची आयुष्यं गेलीत.

"त्यांना दुसरं काम नव्हतं का गं? अगं, गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, निळं कापड हवं, लोकरीचं, अंगाला न टोचणारं. आणि 'असलेलं' हवं, असं कधी कुणी म्हणतं? तो काही कापडाचा गुण नव्हे. काय हवं ते गिऱ्हाईक सांगतं, आणि तसं आहे की नाही ते मी मांडणीवर बघते. सापडलं तर आहे, नाही सापडलं तर नाही. त्यात गाठ कुठे आली?"

टाचणी बसल्या जागी सरळ झाली. म्हणाली, आजी, हे सांगायला सरांना एक आख्खं सत्र लागलं. मी म्हटलं, सरांनी कधी कापड विकलं नाही.

"मग मास्तरांचंही तसंच कर," ती म्हणाली. "नाव सोड. मिशा, गुडघे, मफलर, लोकांनी चिकटवलेलं सगळं सोड. तू मास्तर म्हणायचीस तेव्हा काय म्हणायचं असायचं तुला?"

मी विचार केला. "आत बसून कोट कापतो तो."

"झालं. मग प्रश्न एवढाच, आत बसून कोट कापणारं कुणी आहे का?"

"आहे का म्हणजे? कोट काय झाडाला लागतात?"

"एकच आहे की जास्त?"

"टेबल एक, कात्री एक. एकच."

"मग मास्तर आहेत, आजी. तू चाळीस वर्षं खोटं बोललीच नाहीस."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौथी शिकलेल्या बाईला कॉलेजाचं शास्त्र साक्षीला आलं, आणखी काय हवं? टाचणी म्हणाली, आता फक्त मांडणीवर बघायचं राहिलं. कोण कापतं?

"मी," मी म्हटलं.

कात्रीचा आवाज थांबला. इतका वेळ तो चालू होता, हे तो थांबल्यावर माझ्या लक्षात आलं. टाचणीने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एरवी टोचते तशी न टोचता विचारलं, "आजी, शेवटचा कोट कधी कापलास?"

मी म्हटलं, काहीतरी बरळू नकोस. सूनबाई, सांग गं हिला.

सूनबाई बोलते कमी. तिने जॅकेटच्या कडेचा एक सुटा धागा ओढला आणि बोटाला गुंडाळला. "डॉक्टरांचा तपकिरी. तीन हिवाळे झाले, आई. त्याच्या उजव्या बाहीचा मुंढा मी मागून नीट केला."

"आणि नंतरचे? मी सांगत नाही का तुला?"

"सांगता की. मी ऐकते." धागा तोडला आणि म्हणाली, "सगळं करत नाही."

मी उठून घरी आले. संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाही, तेव्हा मुलाने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. राग सुनेचा आला होता असं मी स्वतःला सांगत होते. पण कंत्राटदार आठवत होता. त्याने माझं काम पुरुषाच्या नावावर टाकलं, आणि मी सुनेचं काम माझ्या. नवऱ्याने निदान पडद्यामागे येऊन मला डोळा तरी मारला होता. मी हिला तेवढंही दिलं नाही. आणि त्याहून वाईट, टेबल जाणार होतं कशामुळे? आईचा हात गेला, आता कापणार कोण, म्हणून. कापणारी त्याच्या शेजारी बसून जेवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा झाकून ठेवणारी मी.

एवढं समजूनही माणूस शहाणं होतं असं नाही. समिती यायची त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी दुकानात गेले. वर्तमानपत्र पसरलं, खडूने बाहीची रेघ मारली आणि कात्री घेतली. रेघ सरळ गेली. कात्री वाटेत चार घरी बसून आली. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. मागे सूनबाई कधी आली कळलं नाही. तिने फाटके कागद गोळा केले, टोपलीत टाकले, माझ्यापुढे चहा ठेवला आणि खिडकीची काच पुसायला लागली. काही बोलली असती तर मी भांडले तरी असते.

चहा पिता पिता मी एक वाक्य बेतलं. 'मुख्य कारागीर मी. माझा हात दुखावलाय. माझी सून माझ्या देखरेखीखाली कापून दाखवेल.' फिरवून फिरवून बघितलं. मी मुख्य होते, हात दुखावला होता, सून कापणार होती, देखत मी राहणार होते. सगळे तुकडे बरोबर. मी ते पाठ केलं.

अकरा वाजता समिती आली. म्हणजेकाय सर, कॉलेजच्या कार्यालयातल्या एक बाई आणि खेळाचे शिक्षक. शिक्षकांना कशाला आणलं, तर त्यांचे खांदे कॉलेजात सगळ्यात रुंद. त्यांना बसला तर कुणालाही बसेल. मुलगा नवा टाय लावून काउंटरमागे उभा होता आणि मास्तर आहेत का या प्रश्नाला तो 'आहेत किंवा नाहीत' म्हणणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मीच पुढे झाले.

"मुख्य कारागीर कोण?" बाईंनी अर्जावर पेन टेकवून विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि माझी नजर सरांच्या डाव्या खांद्यावर गेली. गेल्या वर्षीचा राखाडी कोट होता. तो कापताना मी सुनेला सांगितलेलं मला चांगलं आठवत होतं: खांद्याला भर कमी घाल, अर्ध्या इंचाने. तिने कमी केली नव्हती. सरांचा तो खांदा वयाने आणखी उतरलाय हे तिला दिसलं होतं, मला नाही. कोट असा बसला होता की माझ्या हातूनही तसा बसला नसता. मी पाठ केलेलं वाक्य पुन्हा एकदा बघितलं. तुकडे सगळे खरे होते. शिवून झाल्यावर कोट खोटा होत होता.

"आतले मास्तर आत आहेत," मी म्हटलं आणि पडदा बाजूला सारला. "ही माझी सून. सर, तुमच्या अंगावरचा कोट हिने कापलाय. तीन वर्षांतले सगळेच. त्याआधीचे मी कापलेत. तिसरं कुणी इथे कधी नव्हतं."

"म्हणजे काय?" म्हणाले सगळेच, पण सरांच्या तोंडून ते पहिल्यांदाच खऱ्या प्रश्नासारखं निघालं. मुलगा बायकोकडे बघत राहिला. "तू?" म्हणाला.

"कोट पडद्याखालून आपोआप येतात असं वाटायचं का तुम्हाला?" सूनबाई म्हणाली.

सर काउंटरजवळच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, गेलं काम. वीस वर्षं चिठ्ठ्या लिहून घेतल्या, आता हा माणूस उठून चालता होणार. मी म्हटलं, सर, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, हिच्या कात्रीवर नको. त्यांनी हात वर केला. ते विचार करत होते, आणि त्यांचा विचार चालू असला की तो बघायला मिळतो, भुवया वरखाली होतात.

"मी आभार मानत होतो ते माझा खांदा ओळखणाऱ्या माणसाचे," ते हळूहळू म्हणाले. "तो माणूस होता. चिठ्ठी बरोबर पत्त्यावर पोचली. फक्त माझ्या डोक्यातलं त्याचं चित्र चुकीचं होतं."

"काय होतं चित्रात?"

"मिशा."

"आजीला थोड्या आहेत," टाचणी कोपऱ्यातून म्हणाली. हसण्यात सगळ्यात मोठा आवाज सरांचा होता. तिचं मी नंतर बघणार होते.

कार्यालयातल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या मनासारख्या बाई निघाल्या. म्हणाल्या, आत कोण आहे त्याच्याशी मला कर्तव्य नाही, काख उसवता कामा नये. त्यांनी जुन्या गाऊनचा कागदी नमुना टेबलावर ठेवला आणि यावरून कापा म्हणाल्या.

सूनबाईने नमुना उचलला, खिडकीशी धरला आणि परत ठेवला. मग खेळाच्या शिक्षकांना म्हणाली, सर, समारंभात तुम्ही काय करता ते करून दाखवा. ते गोंधळले. मग सरळ उभे राहिले. नाही, ती म्हणाली, पदवी देता ना? द्या. शिक्षकांनी म्हणजेकाय सरांना हवेतली पदवी दिली, वाकून, हात लांब करून. मग हात मिळवला. मग दुसऱ्या हाताने पाठ थोपटली. सूनबाई भोवती फिरून बघत होती. तिने सांगितलं की हा नमुना हात खाली सोडून उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे. त्या दिवशी हात खाली ठेवून कुणी उभं राहत नाही, म्हणून काखा उसवल्या. शिवणारा वाईट नव्हता. मुंढा खोल आहे तो वर घ्यायला हवा, आणि पाठीत चुण्या वाढवायला हव्यात.

मला वाटत होतं मुंढा अर्ध्या इंचाने वर घ्यावा. ती पाऊण घेत होती. मी जीभ दाताखाली धरली. सोपं नव्हतं, ती जीभ बरीच वर्षं मोकळी राहिलेली.

कापड काळं आणि जड. काळ्यावर चूक दिसत नाही म्हणून लोक काळ्याला सोपं समजतात, पण त्यावर उभा धागाही दिसत नाही, तो बोटांनी शोधावा लागतो. तिने डोळे मिटून तो शोधला. खडूची एकच रेघ, आणि कात्री सुरू झाली ती न थांबता, लांब घास घेत, मुंढ्याशी वळताना मनगट न हलता कोपर हललं. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मुलगा पडद्याच्या जागी उभा होता, अर्धा आत अर्धा बाहेर. चाळीस वर्षांचा झाला. कापड कापलं जाताना त्याने पहिल्यांदा बघितलं.

कच्च्या धाग्याने जोडून गाऊन शिक्षकांच्या अंगावर चढवला. बाईंनी त्यांना सगळ्यांना पदव्या वाटायला लावल्या, मला, टाचणीला, पुतळ्याला. मग काखेत बोट घालून ओढून पाहिलं. दोनदा ओढलं. मग अर्ज टेबलावर ठेवला, मुख्य कारागीर लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुनेला म्हणाल्या, इथे नाव लिहा. सूनबाईने पेन घेतलं आणि आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, स्पेलिंग मला येत नाही. तिने लिहिलं. जरा वेळ लावून, खडूने लिहितात तसं मोठं लिहिलं.

सोमवारी कॉलेजातून कापडाचे ताके आले. मुलगा सकाळी सुतार घेऊन आला. मी धसकले, तर तो दुसऱ्या टेबलाचं माप देत होता. एकशे वीस गाऊन एका टेबलावर पसरत नाहीत, असं बायकोने त्याला सांगितलं होतं. मी माझं स्टूल ओढून रोजच्या जागी बसले. सूनबाईने पहिला ताका उलगडला, धागा शोधला, खडू उचलला. मी सवयीने म्हटलं, मुंढा बघ हं.

"बघते," ती म्हणाली. "आई, उजेडातून जरा बाजूला व्हा."

मला या घरात आजवर कुणी जागचं हलवलेलं नाही. मी काहीतरी लागट शोधत होते, पण म्हटलं, आधी तपासून बघू. वाकून बघितलं, तर माझी सावली नेमकी तिच्या खडूवर पडलेली. मी स्टूल उचललं आणि हातभर पलीकडे सरकवलं.